पाणी वीस अंशांवर गेलं की गळ गुंडाळा

जुलै उजाडला की एडमंटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांकडून तीन प्रश्न हमखास येतात. ट्राउट कुठे लागतोय? बास कुठल्या तळ्यात आहे? आणि कॅटफिश, म्हणजे आपल्या शिंगाळा-मागूर यांचा भाऊबंद, इथे मिळतो का? शेवटचे दोन प्रश्न बहुधा टोरांटो किंवा टेक्सासहून आलेल्यांचे असतात आणि त्यांचं उत्तर एका वाक्यात संपतं: एडमंटनच्या आसपासच्या तलावांत हे दोन्ही मासे मूळचे नाहीत, आणि सरकार ते सोडतही नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबलचक आहे, आणि ते तुम्हाला आवडेलच असं नाही. माझं म्हणणं असं की, कडक उन्हाच्या दिवसांत तुम्ही ट्राउटच्या वाटेला जाऊच नये. आणि गेलातच, तर जिथे नियम परवानगी देतात तिथे पकडलेला मासा पाण्यात परत सोडण्यापेक्षा घरी नेऊन खावा.

दुसरं वाक्य वाचून तुमच्यातल्या अर्ध्या मंडळींच्या भुवया उंचावल्या असतील. ‘पकडा आणि सोडा’ ही तर सुसंस्कृत मासेमारी. आपल्यातल्या अनेक शाकाहारी घरांतली मुलं इथे गळ टाकायला शिकतात ती याच अटीवर, की मासा खायचा नाही, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. पुण्यही मिळालं आणि रविवारही मजेत गेला. या हिशेबात जुलैचं पाणी धरलेलं नसतं, एवढंच.

आधी पाण्याचं गणित पाहू. पाण्यात विरघळलेला प्राणवायू हाच माशाचा श्वास, आणि थंड पाण्यात तो जास्त मावतो. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, २० अंशांना ९.१ आणि २५ अंशांना ८.३. एडमंटन समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. हवेचा दाब इथे आठेक टक्क्यांनी कमी, त्यामुळे हे आकडेही तितक्याच प्रमाणात खाली येतात. म्हणजे १० वरून २० अंशांवर जाताना माशाच्या ताटातला पाचवा हिस्सा कमी होतो. त्याच वेळी त्याची भूक मात्र वाढते. मासा थंड रक्ताचा प्राणी, त्याच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर चढतं, आणि ढोबळ मानाने तापमान दहा अंशांनी वाढलं की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग दुप्पट होतो. पुरवठा पाचव्या हिश्श्याने कमी, मागणी दुप्पट. घर चालवणाऱ्या कुणालाही याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

इंद्रधनुषी ट्राउटला १२ ते १६ अंशांचं पाणी मानवतं. २० च्या वर त्याचं खाणं मंदावतं, आणि २५ च्या आसपास त्याच्या सहनशक्तीची हद्द संपते. बासला २५ अंशांचं पाणी म्हणजे ऐन बहर, आणि दक्षिणेकडच्या नद्यांतला चॅनल कॅटफिश तर २५ ते ३० अंशांत सुखाने वाढतो. म्हणूनच टोरांटोहून आलेल्या मित्राचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. ‘जितकी गरमी तितका मासा जोरात’ हे त्याचं शहाणपण बासच्या तळ्यावर कमावलेलं असतं, आणि तिथे ते खरंही असतं.

इथे आपल्याकडच्या माशांची आठवण काढायला हरकत नाही. गावाकडचं तळं मे महिन्यात आटून गुडघाभर राहतं, पाणी कोमट आणि गढूळ होतं, तरी त्यात मरळ आणि मागूर जिवंत असतात. मंडईत पाटीभर पाण्यात ते तासन्‌तास वळवळताना तुम्ही पाहिले असतील. या माशांना कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्यासाठी वेगळं इंद्रिय असतं. पाण्यातला प्राणवायू संपला की ते पृष्ठभागावर येतात, घोटभर हवा घेतात आणि पुन्हा बुडी मारतात. ट्राउटकडे ही सोय नाही. त्याचा वंश डोंगरातल्या खळाळत्या, बर्फाच्या पाण्यात वाढला. हवा गिळायची गरजच कधी पडली नाही. ज्यांनी लहानपणी मरळ पकडली आहे त्यांना मासा म्हणजे चिवट जीव वाटतो. ती समजूत घेऊन ट्राउटकडे जाऊ नका.

आता तळ्यांविषयी. एडमंटनच्या परिसरात ट्राउट मिळतो तो मुख्यतः सरकारने सोडलेला. शहरातलं हर्मिटेज पार्कचं तळं, पश्चिमेला स्प्रूस ग्रोव्ह आणि स्टोनी प्लेनच्या बाजूचे म्युअर, हॅसी, स्टार, स्प्रिंग हे छोटे तलाव ही नावं तुम्ही ऐकली असतील. इथले ट्राउट मत्स्यबीज केंद्रात वाढवून टँकरने आणलेले असतात. त्यांतले पुष्कळसे मुद्दाम वांझ केलेले: अंड्यावर दाब देऊन गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच ठेवले की मासा वाढतो, पण प्रजनन करू शकत नाही. तसंही ट्राउटला अंडी घालायला वाहतं पाणी आणि खडीचा तळ लागतो, तो या तळ्यांत नाही. या तळ्यांतला ट्राउट म्हणजे ठेवलेली ठेव आहे. तिला व्याज नाही. ती कुणीतरी काढून नेण्यासाठीच ठेवलेली आहे. अनेक तळी उथळ असल्याने हिवाळ्यात बर्फाखालचा प्राणवायू संपून मासे मरतात, म्हणून काही ठिकाणी हवा खेळवणारी यंत्रं बसवलेली असतात.

या ठेवीच्या माशाशी अल्बर्टाच्या मूळ ट्राउटची गल्लत करू नये. इंद्रधनुषी ट्राउटची या प्रांतातली मूळ वस्ती एकाच खोऱ्यात आहे, अथाबास्काच्या वरच्या भागात. २०१९ पासून केंद्रीय कायद्याने ती संकटग्रस्त ठरवली आहे. बुल ट्राउट हा अल्बर्टाचा प्रांतीय मासा, १९९५ पासून. तो कुठेही मिळाला तरी सोडावाच लागतो, आणि त्याला इंद्रधनुषी ट्राउटपेक्षाही गार पाणी हवं असतं. जॅस्परकडे सुट्टीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मी पुढे ‘खा’ म्हणतो आहे ते टँकरने आलेल्या ट्राउटबद्दल.

उन्हाळ्यात या छोट्या तळ्यांत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. ऊन वरचं पाणी तापवतं. गरम पाणी हलकं, ते वर तरंगत राहतं, आणि खाली गार पाण्याचा थर वेगळा पडतो. झाडांच्या आडोशातल्या तळ्यात वारा हे थर ढवळू शकत नाही. खालचं पाणी गार, म्हणजे ट्राउटला आवडेल असं. पण तिथे प्रकाश नाही, वरून हवा पोहोचत नाही, आणि वरून पडणारं मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतं. परिणामी वर श्वास आहे पण आग आहे, खाली गारवा आहे पण श्वास नाही. मधल्या एका पातळ पट्ट्यात, कधी जेमतेम मीटर-दोन मीटरच्या, तळ्यातले सगळे ट्राउट दाटीवाटीने दिवस काढत असतात. सात-आठच्या विरार लोकलमध्ये दाराशी उभं राहिलेल्याला ही अवस्था ठाऊक आहे. तुमचा गळ त्या पट्ट्यात पोहोचला की मासा लागतोही, कारण सगळे तिथेच आहेत. मग तुम्ही त्याला ओढत वरच्या, तापलेल्या पाण्यातून काठावर आणता.

मोठ्या तलावांची गोष्ट वेगळी. वाबामन तलावाची सर्वाधिक खोली ११ मीटर, पिजन लेकची नऊ मीटरच्या आसपास, आणि विस्तार दोन्हींचा ऐंशी चौरस किलोमीटरहून जास्त. इतक्या उथळ आणि पसरट ताटलीवर प्रेअरीचा वारा सुटला की वरपासून तळापर्यंत सगळं ढवळून निघतं. गार पाण्याचा आसरा असा उरतच नाही. सुदैवाने तिथे ट्राउट नाही. पाइक, वॉलआय, पर्च आणि व्हाइटफिश आहेत, ज्यांतल्या व्हाइटफिशला सोडलं तर बाकीच्यांना उबदार पाणी अधिक सोसतं. त्या तलावांचं दुखणं हिरवं आहे. हिमनदीने मागे ठेवलेल्या इथल्या मातीत मुळातच फॉस्फरस भरपूर, त्यात शेती आणि कॉटेजांची भर. जुलै-ऑगस्टमध्ये निळ्या-हिरव्या शैवालाचा थर धरतो. त्याला शैवाल म्हणतात खरं, पण ते जिवाणू आहेत, आणि त्यांतले काही यकृताला घातक विष तयार करतात. पाणी उकळून ते विष जात नाही. आरोग्य खात्याच्या सूचना अशा वेळी नेमक्या असतात: पोहू नका, कुत्र्याला पाणी पिऊ देऊ नका, माशाचं मांस खायला हरकत नाही पण यकृत आणि आतडी टाकून द्या. आपल्याकडे माशाचं डोकं आणि पोटातला ऐवज आवडीने खाणारे आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आता गळाला लागलेल्या ट्राउटच्या शरीरात काय घडतं ते. पळण्यासाठी तो पांढऱ्या स्नायूंवर अवलंबून असतो, आणि ते स्नायू प्राणवायूशिवाय, उधारीवर चालतात. दोन-चार मिनिटांच्या झटापटीत ती उधारी संपते. स्नायूंत लॅक्टेट साचतं, रक्त आम्लधर्मी होतं. ही उधारी फेडायला काही तास लागतात आणि फेडायचं चलन एकच, प्राणवायू. थंड पाण्यात मासा ती निवांत फेडतो. २२ अंशांच्या पाण्यात त्याला रोजचा खर्चच भागवता येत नसतो. काठावरून तुम्हाला दिसतं ते इतकंच की मासा शेपूट हलवत खोल पाण्यात गेला. तो सायंकाळी तळाशी पोट वर करून पडलेला असतो, आणि तोवर तुम्ही घरी जाऊन फोटो टाकलेला असतो.

फोटोचाही हिशेब आहे. १९९२ मध्ये ऑंटारिओतल्या क्वीन्स विद्यापीठाच्या फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी इंद्रधनुषी ट्राउटवर केलेला प्रयोग या विषयात आजही उद्धृत होतो. माशांना दमेपर्यंत पळवलं, मग काहींना थेट पाण्यातच राहू दिलं, काहींना ३० सेकंद हवेत धरलं, काहींना ६० सेकंद. बारा तासांनंतर मेलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे १२, ३८ आणि ७२ टक्के. प्रयोगशाळेतल्या माशांवर शस्त्रक्रियेचाही ताण होता, त्यांना पूर्ण थकवलं होतं, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तळ्याला लावता येत नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या पाण्यात पसरलेल्या असतात. हवेत त्या ओल्या पुस्तकाच्या पानांसारख्या एकमेकींना चिकटतात, आणि श्वास बंद पडतो. चार जिने धावत चढा आणि वर पोहोचताच नाक दाबून मिनिटभर उभे राहा. ‘दादा, इकडे बघ, अजून एक’ म्हणणाऱ्या आईबाबांना हा प्रयोग करायला सांगावा.

म्हणूनच मला सोडण्यातलं पुण्य संशयास्पद वाटतं. समजा, सोडलेल्या दहा ट्राउटपैकी तीन मेले. तुम्ही दुपारभरात वीस पकडून सोडले तर सहा मारले, आणि खाल्ला एकही नाही. शेजारच्या काकांनी नियमात बसतील तेवढे दोन-तीन पकडले, बर्फात घातले, घरी नेले आणि गळ आवरला. कोण कमी हिंसा करून गेलं? यात माझा रोख शाकाहारावर नाही. शाकाहारी माणसाने मासेमारी करू नये, एवढंच मी म्हणेन. काठावर बसून पक्षी बघावेत. जुलैत इथल्या तळ्यांवर ग्रीब आणि लून असतात, त्यांची पिल्लं पाठीवर बसलेली दिसतात. माशाला वेदना होते की नाही हा वाद अजून मिटलेला नाही, पण ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू असतात हे लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं. ज्याच्या बाबतीत शंका आहे त्याला केवळ गंमत म्हणून गळाने ओढायचं, आणि मग ‘आम्ही खात नाही’ याचं समाधान मानायचं, हा तर्क मला पटत नाही.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. ते मासे असेही हिवाळ्यात मरणार, मग आज मेले तर काय बिघडलं? हा आक्षेप अर्धा खरा आहे. टँकरच्या ट्राउटची प्रजाती माझ्या-तुमच्या गळाने नष्ट होणार नाही. पण मग ती गोष्ट खाण्याच्या बाजूने जाते, सोडण्याच्या नाही. मरणारच असेल तर ताटात मरू दे. शिवाय हीच सवय घेऊन आपण डोंगरातल्या ओढ्यांवर जातो, जिथे मूळचे मासे आहेत, थोडे आहेत, आणि सोडणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे प्रत्येक मासा मोजावा लागतो. वॉलआयचंच बघा. नव्वदच्या दशकापर्यंत अल्बर्टातल्या बहुतेक तलावांतला वॉलआय बेसुमार पकडून संपत आला होता. १९९६ पासून नियम आवळले, आणि आज काही तलावांतला वॉलआय घरी न्यायचा तर सोडतीत नाव लागावं लागतं. थंड प्रदेशात मासा सावकाश वाढतो. एकदा रिकामं झालेलं तळं भरायला वर्षं लागतात.

दुसरा आक्षेप: सरकारनेच बंदी घालावी, आम्ही का थांबावं? रॉकी पर्वतरांगेतल्या ट्राउटच्या नद्यांवर, अमेरिकेत मोंटानात, पाणी फार तापलं की दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद ठेवण्याची पद्धत आहे, आणि अल्बर्टाच्या दक्षिणेकडच्या नद्यांवरही उष्ण उन्हाळ्यांत निर्बंध आले आहेत. एडमंटनच्या तळ्यांवर मात्र पाण्याचं तापमान सांगणारा साधा फलकही नसतो. तो असावा असं माझं ठाम मत आहे. शैवालाची पाटी लागते, बर्फ पातळ असल्याची पाटी लागते. ‘आज पाणी २२ अंश, ट्राउट सोडू नका’ अशी पाटी लावायला फार पैसे लागणार नाहीत. २०२१ च्या जूनअखेरीस पश्चिम कॅनडावर उष्णतेचा घुमट बसला, ब्रिटिश कोलंबियात लिटनला ४९.६ अंश नोंदले गेले, आणि एडमंटनमध्ये पारा पस्तिशीच्या पुढे गेला. तसे दिवस आता पुन्हा येणार नाहीत असं समजायला कारण नाही.

तोवर पाटीचं काम तुम्हीच करा. मत्स्यालयात लावतात तो साधा थर्मामीटर घ्या, त्याला तंगूस आणि एक जड नट बांधा, आणि गळ टाकायच्या आधी हातभर खोल पाण्यात दोन मिनिटं ठेवा. १८ च्या आत असेल तर खुशाल बसा. १८ ते २० मध्ये असेल तर खाण्यापुरतेच पकडा, जाड दोरी वापरून लवकर काठावर आणा. २० च्या वर असेल तर गुंडाळा. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच चेपून ठेवा. छोटा मासा सोडायचाच असेल तर हात ओले करा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. आणि पाण्यातच ठेवून गळ काढा. गळ घशात खोल गेला असेल तर ओढू नका, तंगूस कापून टाका.

वेळेचा प्रश्न थोडा फसवा आहे. पाणी सर्वांत गार पहाटे असतं, आणि जूनमध्ये इथे पाचलाच उजाडतं, म्हणून पहाटे जावं असं सगळे सांगतात. पण शेवाळाने भरलेल्या तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तोही पहाटेच, कारण वनस्पती रात्रभर तो बनवत नाहीत, नुसत्या वापरतात. गावच्या तळ्यात भल्या सकाळी मासे तोंड वर काढून उघडझाप करताना दिसतात ते यामुळेच. म्हणजे पाणी हिरवं असेल तर पहाट वाईट, आणि दुपार-संध्याकाळ तापमानामुळे वाईट. सात ते दहा ही त्यातल्या त्यात बरी वेळ. मंडळाची उन्हाळी सहल ठरवणाऱ्यांनी मुलांची गळस्पर्धा दुपारी जेवणानंतर ठेवू नये, आणि जमल्यास ती जूनच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावी.

बासवर मात्र पुन्हा यावं लागेल, कारण ‘इथे नाही ना, मग आणून सोडूया’ असं थट्टेत का होईना बोलणारे भेटतात. बर्फयुगात हा सगळा प्रदेश किलोमीटरभर जाडीच्या बर्फाखाली होता. बर्फ वितळल्यावर मासे दक्षिणेकडून, पश्चिमेकडून नद्यांच्या वाटेने हळूहळू परतले. बास इथवर पोहोचला नाही. कॅटफिशपैकी स्टोनकॅट हा वीतभर लांबीचा एक छोटा मासा तेवढा अगदी दक्षिणेच्या मिल्क नदीत आहे, आणि प्रांताने त्याला धोक्यात आलेल्यांच्या यादीत ठेवलंय. मोठा कॅटफिश हवा असेल तर मॅनिटोबात जा. विनिपेगजवळची रेड नदी त्यासाठी प्रसिद्धच आहे. अल्बर्टात जिवंत मासा परवान्याशिवाय इकडून तिकडे नेणं हा गुन्हा आहे. आणि कारणं डोळ्यांसमोर आहेत. शेजारच्या सेंट आल्बर्टमध्ये कुणीतरी घरातले गोल्डफिश पावसाळी पाण्याच्या तळ्यांत सोडले, ते तिथल्या बर्फाखालीही तगले आणि इतके वाढले की नगरपालिकेला तळ्यात विष घालावं लागलं.

आपल्याकडेही हे घडलंय, आणि तेही चांगल्या हेतूने. पुण्याच्या मुळा-मुठेतून १८३९ मध्ये साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ज्याचं शास्त्रीय वर्णन केलं तो महसीर, टॉर खुद्री. लोणावळ्याला टाटांच्या वळवण धरणाजवळच्या केंद्रात गेली पन्नासेक वर्षं त्याची पैदास होते. धरणांनी संपत आलेला मासा वाचवणारं हे मोलाचं काम. पण त्या पिलांची देशभर वाटणी झाली, ती कावेरीतही सोडली गेली, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर मागे रेटला गेला. गंमत अशी की त्या कुबड्या महसीरचं शास्त्रीय नावसुद्धा २०१८ पर्यंत निश्चित झालं नव्हतं. नाव लागलं त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणूनही नोंदला गेला. आफ्रिकन मागूरची कथा याहून ओबडधोबड: भराभर वाढतो, काहीही खातो, हवेत श्वास घेतो म्हणून घाण पाण्यातही जगतो. भारतात त्याच्या पालनावर बंदी असूनही तो उजनीसारख्या जलाशयात पोहोचलाच. लोणावळ्याचा मासा कावेरीला चालत नसेल, तर ऑंटारिओचा बास एडमंटनला का चालावा?

खाण्याबद्दल दोन शब्द, नाहीतर मी नुसताच उपदेश करून गेलो असं व्हायचं. जुलै-ऑगस्टच्या ट्राउटला कधी कधी मातकट वास येतो. तो जिओस्मिन नावाच्या रेणूचा, आणि तळ्यातले जिवाणूच तो बनवतात. पहिल्या पावसात मातीला सुटणारा मृद्गंध याच रेणूमुळे असतो. आपल्याला तो अंगणात हवासा वाटतो, ताटात नको. आंबटाने हा रेणू मोडतो. त्यामुळे तुकड्यांना कोकमाचं आगळ किंवा चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवण्याची आजीची पद्धत रसायनशास्त्रालाही मान्य आहे. मग हळद, तिखट, रवा, आणि मंद आचेवर तवा. ट्राउटचे खवले इतके बारीक की काढायची गरज नाही. पकडल्याबरोबर डोक्यावर एक घाव घालून मासा झटक्यात मारा आणि बर्फात ठेवा. दोरीला बांधून कोमट पाण्यात तासभर लोंबकळत ठेवलेल्या माशाची चवही जाते आणि त्याचे हालही होतात.

मोसमात थांबणं आपल्याला नवं नाही. १ जून ते ३१ जुलै कोकण किनाऱ्यावर यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्याला हात न लावणारी कोळ्यांची रीत त्या कायद्याहून कितीतरी जुनी आहे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातले महसीर देवीचे म्हणून कुणी मारत नाही. उलट चढणीच्या माशांवर पहिल्याच पावसात तुटून पडणारेही आपणच. पोटात अंडी असलेला मासा चविष्ट लागतो, हे काही खोटं नाही. दोन्ही आपल्यातच आहे.

एडमंटनमध्ये थांबायचं तेही सहा-सात आठवडेच. ऑगस्ट सरता सरता रात्री गार होतात, वरचं पाणी जड होऊन खाली जाऊ लागतं, आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर तळ्यातले थर मोडून प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो. मधल्या पट्ट्यात अडकलेले ट्राउट काठाशी येतात आणि बर्फ धरायच्या आधी अधाशासारखे खातात. घटस्थापनेच्या सुमारास म्युअरच्या काठावर जा. तिथले नियम कडक आहेत, ते आधी वाचून घ्या. पाणी दहा-बारा अंश असेल, मासा उन्हाळ्यापेक्षा दुप्पट जोर लावेल, आणि चुकून लहान लागला तर सोडल्यावर जगेलही. हातमोजे मात्र न्यावे लागतील.